होम थिएटरचा रिसीव्हर मध्येच बंद पडतोय, जाणकारांनी मदत करा

खर्जप्रेमी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,
माझ्याकडे ७.२ चॅनलचा एव्ही रिसीव्हर (सगळ्या यंत्रांचा आवाज वाढवून स्पीकरना देणारा डबा) आहे. जोडलेले स्पीकर मात्र पाचच आणि एक ॲक्टिव्ह सबवूफर. बरीच वर्षं विनातक्रार चालला. हल्ली सिनेमा ऐन रंगात आला की 'खट्‌' असा आवाज येतो आणि सगळं ठप्प. पुढचा लाल दिवा लुकलुकत राहतो. बटण दाबलं की पुन्हा चालू होतो. मग कधी अर्ध्या तासात परत तेच, कधी अख्खा सिनेमा सुरळीत पार पडतो.

आवाज मोठा केल्यामुळे होत असेल म्हणावं, तर कधी कधी बातम्या चालू असताना, अगदी हळू आवाजातही बंद होतो. त्यामुळे डोकं चालेनासं झालंय.

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल सगळं याच रिसीव्हरमधून जातं. टीव्हीखालच्या कपाटात ठेवलाय, पुढून उघडं, मागून फळी. एका दुरुस्तीवाल्यांना फोन केला, तर त्यांनी फोनवरच "बोर्ड गेलाय, बदलावा लागेल" सांगून टाकलं. झाकणही न उघडता बोर्ड गेल्याचं कसं कळलं, देव जाणे. घरच्या घरी काय काय तपासता येईल?

फटाफट

कपाटात कोंडलाय बिचारा. गरम होतोय, दुसरं काही नाही. बाहेर काढा, वर एक छोटा पंखा लावा, विषय संपला.

मंद्रसप्तक

गरम होण्याच्या मुद्द्याला +१, पण विषय एवढ्यावर संपेल असं वाटत नाही.

रिसीव्हरमधले ॲम्प्लिफायर बहुतेक क्लास एबी प्रकारचे असतात. या जातीची कार्यक्षमता कागदावर फार तर ७८.५ टक्के, तीही पूर्ण जोरात वाजवल्यावर. आपण घरी ऐकतो त्या आवाजाला ती कितीतरी खाली येते आणि उरलेली सगळी वीज हीटसिंक तापवण्यात जाते. त्यामुळे मागून फळी लावलेलं कपाट वाईटच. पण उष्णतेमुळे बंद पडलेला रिसीव्हर थंड व्हायला वेळ घेतो. तुमचा लगेच चालू होतो का? आणि झाकणावर हात ठेवून बघितलात का? हात टेकवत नसेल तर फटाफट यांचं म्हणणं बरोबर.

शिवाय स्पीकर किती ओहमचे (विजेला किती विरोध करणारे) आहेत ते सांगा. मागे दोन-दोन स्पीकर एकाच टर्मिनलला जोडलेले नाहीत ना? ८ ओहमचे दोन समांतर जोडले की रिसीव्हरला ते ४ ओहम दिसतात, म्हणजे त्याच्यावर ताण वाढतो.

शून्य_ओहम

दुरुस्तीचं काम करतो, म्हणून सांगतो. बोर्ड बदलायचं नंतर बघू. "बंद पडतो" एवढ्यावरून काही कळत नाही. कसा बंद पडतो त्यावर सगळं आहे.

पुढच्या वेळी बंद पडला की लगेच बटण दाबू नका. आधी दिव्याकडे बघा. लुकलुकतोय की नुसता स्टँडबायचा स्थिर दिवा आहे, की एकही दिवा नाही? लुकलुकत असेल तर मशीन प्रोटेक्शनला गेलंय, म्हणजे आतल्या सर्किटला काहीतरी खटकलं. दिवा स्थिर असेल तर मशीनला कोणीतरी बंद व्हायला सांगितलंय आणि त्याने ते ऐकलंय. एकही दिवा नसेल तर वीजच पोचत नाही: प्लग, सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड, फ्यूज बघायचा.

दुसरं, रिलेचा आवाज. चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून एक 'टक्‌' येतो, तेव्हाच स्पीकर ॲम्प्लिफायरला जोडले जातात. त्या टक्‌च्या आधीच मशीन बंद होत असेल तर स्पीकर आणि वायरी निर्दोष, गडबड आत आहे. टक्‌ झाल्यानंतर, आवाज सुरू झाल्यावर बंद होत असेल तर आधी बाहेर शोधा.

तिसरं, त्या वेळी काय चालू होतं, कुठल्या इनपुटवर, कोणकोणती यंत्रं चालू होती, ते कागदावर लिहा. कंटाळा येईल, पण लिहा. आठवणीतून सांगितलेल्या तक्रारीत निम्मी माणसं दोन वेगळ्या गोष्टी एकत्र सांगतात.

निवांत_श्रोती

शून्य_ओहम दादांच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. धागाकर्त्यांच्या वर्णनातच मला दोन वेगळ्या तक्रारी दिसतायत. एक खट्‌ करून, सिनेमात. दुसरी बातम्यांच्या वेळची, तिच्यात खट्‌चा उल्लेखच नाही. बातम्यांच्या वेळीही दिवा लुकलुकतो का?

फटाफट

एवढं सगळं लिहून काढण्यापेक्षा सोपा उपाय आहे. प्रोटेक्शनचा ट्रान्झिस्टर काढून टाकायचा किंवा रिले जंपर करायचा (वायर टाकून बायपास). ओळखीच्या एकाने केलंय, मस्त चालतंय.

शून्य_ओहम

कृपया कोणीही हे करू नका.

प्रोटेक्शन हा दोष नाही, दोष सांगणारा आहे. समजा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर स्पीकरच्या टर्मिनलवर थेट डीसी येतो, तोही मशीनप्रमाणे ४०-५० व्होल्ट किंवा त्याहून जास्त. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये एवढा डीसी सोडला तर व्हॉइस कॉइल (स्पीकरमधली तारेची गुंडाळी) काही क्षणांत जळते, आणि नुसता धूर निघून थांबेल याची खात्री नाही. रिले त्यासाठीच बसवलेला असतो.

आणि हेही ऐका, बंद पडलं की लगेच चालू, परत बंद, परत चालू असं करत बसू नका. शॉर्ट असलेल्या चॅनलवर प्रत्येक वेळी ताण येतो. काही मॉडेल तर सलग काही वेळा ट्रिप झाली की पुढे चालूच होत नाहीत, मग सर्व्हिस मोडमध्ये जाऊन ती नोंद पुसावी लागते.

जुनं_ते_सोनं

धागा हायजॅक करतोय, माफ करा, पण विषय तोच आहे. माझा जुना रिसीव्हर बटण दाबलं की दोन-तीन सेकंदांत बंद होतो. टक्‌ येतच नाही. सगळे स्पीकर काढून बघितले, तरी तेच. म्हणजे वरच्या हिशोबाने आतली गडबड ना? काय असू शकतं?

शून्य_ओहम

हो, आतलीच. सर्वात जास्त वेळा सापडतो तो एखाद्या चॅनलचा शॉर्ट झालेला आउटपुट ट्रान्झिस्टर. त्याच्या खालोखाल पॉवर सप्लायमधले सुकलेले किंवा फुगलेले कॅपॅसिटर आणि जड भागांच्या पायांशी तडकलेलं सोल्डर. तुमचं सविस्तर नंतर लिहितो, आधी धागाकर्त्यांचं होऊ दे. तोवर झाकण उघडू नका. मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज टिकून असतो, दोन टोकांमध्ये शंभर व्होल्टसुद्धा.

खर्जप्रेमी

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे वहीत लिहायला घेतलं आणि निवांत_श्रोती ताईंनी नेमकं बोट ठेवलंय.

सिनेमाच्या वेळी: खट्‌ आवाज, दिवा लुकलुकतो, आवाज बऱ्यापैकी मोठा, जवळजवळ दर वेळी गोळीबार नाहीतर स्फोट चालू असताना. झाकण कोमट, हात आरामात टेकतो. लगेच चालू होतो.

बातम्यांच्या वेळी: आवाज न करता बंद. दिवा स्थिर. टीव्हीही काळा होतो. रिसीव्हरच गेला म्हटल्यावर चित्र जाणारच, त्यामुळे टीव्हीकडे वेगळं लक्ष दिलं नव्हतं.

स्पीकर पाचही ८ ओहमचे, प्रत्येकाला स्वतंत्र टर्मिनल.

निवांत_श्रोती

चित्र जाणं वेगळं आणि टीव्ही बंद होणं वेगळं. नुसता सिग्नल गेला असता तर टीव्हीवर 'नो सिग्नल'ची पाटी दिसली असती. पुढच्या वेळी टीव्हीचा स्टँडबायचा दिवा बघा. तो लागलेला असेल तर टीव्हीही हुकमानेच बंद झालाय.

हा हुकूम बहुधा एचडीएमआय सीईसीमधून येतोय. एचडीएमआयच्या १३ नंबरच्या पिनवर ही एकच सामाईक तार सगळ्या जोडलेल्या यंत्रांमधून जाते, आणि एकाने "सगळे झोपा" म्हटलं की बाकीचे झोपतात. प्रत्येक कंपनीने त्याला आपलं वेगळं नाव दिलंय, कोणाचं ॲनीनेट प्लस, कोणाचं सिंपलिंक, कोणाचं ब्राव्हिया सिंक. मेनूमध्ये 'सीईसी' हा शब्दच सापडत नाही, म्हणून माणसं वर्षानुवर्षं शोधत बसतात.

बातम्या बघताना कन्सोल मागे चालू राहिलेला असतो का?

खर्जप्रेमी

असतो! मुलं खेळून उठतात, कन्सोल तसाच सोडतात आणि आम्ही सेट-टॉप बॉक्सवर जातो.

निवांत_श्रोती

मग मला तरी उत्तर मिळालं. कोणी हात लावला नाही की कन्सोल ठरावीक वेळाने आपोआप झोपतो, आणि झोपताना टीव्हीला नि रिसीव्हरलाही झोपायला सांगतो. तुम्ही दुसऱ्या इनपुटवर आहात याची तो फिकीर करत नाही.

रिसीव्हरवरचं सीईसी बंद करू नका. टीव्हीचा आवाज एआरसीने (त्याच एचडीएमआय वायरीतून उलटा) रिसीव्हरकडे येत असेल तर तोही बऱ्याचदा जातो. फक्त कन्सोलच्या सेटिंगमध्ये 'इतर उपकरणं बंद करा' अशा अर्थाचा पर्याय असेल तो काढा. जोडीला रिसीव्हरचा स्लीप टायमर आणि ऑटो स्टँडबाय एकदा तपासा. काही मॉडेल ठरावीक तास रिमोटला हात लावला नाही तरी बंद होतात, आवाज चालू असला तरी.

मंद्रसप्तक

वा! म्हणजे अर्धी तक्रार मिटली. उरलेल्या अर्ध्यासाठी माझं मत: मागचा इम्पीडन्सचा (स्पीकरच्या ओहमचा) स्विच किंवा मेनूतलं सेटिंग ४ ओहमवर टाकून बघा. ॲम्प्लिफायरवरचा ताण कमी होतो.

शून्य_ओहम

मंद्रसप्तक, इथे थोडा असहमत. ते सेटिंग बहुतेक मॉडेलमध्ये आतलं सप्लाय व्होल्टेज खाली आणतं. त्याने उष्णता कमी होते, पण ताकदही कमी होते. यांचे स्पीकर ८ ओहमचे आहेत, झाकण कोमट आहे. मग व्होल्टेज खाली आणून आपण काय साधलं? ट्रिप कदाचित थांबेल, पण खरा दोष तसाच राहील.

मंद्रसप्तक

ज्यांचे स्पीकर खरोखर ४ ओहमचे आहेत त्यांच्यासाठी मी मुद्दा सोडत नाही. पण यांच्या बाबतीत मान्य.

शून्य_ओहम

खर्जप्रेमी, तुमच्या नोंदीतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. स्फोट आणि गोळीबार. अशा प्रसंगात दोन गोष्टी एकदम होतात: मागच्या सराउंड स्पीकरकडे जोराचा सिग्नल जातो आणि सबवूफर भिंती-फरशी हादरवतो. बातम्यांत सराउंड जवळजवळ गप्प असतात. सिग्नलच नसेल तर वायर शॉर्ट असली तरी करंट वाहत नाही, मशीनला काही कळत नाही. म्हणून माझा संशय मागच्या वायरींवर आहे.

मल्टिमीटर आहे? असेल तर रिसीव्हरचा प्लग भिंतीतून काढा. पाचही स्पीकरच्या वायरी रिसीव्हरच्या मागून सोडवा. सोडवताना बघा, वायरीचा एखादा तांब्याचा केस शेजारच्या टर्मिनलला किंवा मागच्या पत्र्याला टेकत होता का. टॉर्च लावून बघा, एकच केस पुरतो.

मग मल्टिमीटर सर्वात खालच्या ओहम रेंजवर. आधी दोन प्रोब एकमेकांना टेकवा, ०.२ ते ०.५ काहीतरी दाखवेल. ते प्रोबचंच, पुढच्या आकड्यातून वजा करायचं. आता वायरीच्या दोन टोकांना प्रोब लावा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ५.५ ते ७ दाखवतो. ८ दिसलं नाही म्हणून घाबरू नका. स्पीकरवर लिहिलेला आकडा एसी सिग्नलचा असतो, मीटर डीसी मोजतं. १ च्या खाली दिसलं तर शॉर्ट. काहीच दिसलं नाही तर वायर तुटलीय.

सर्वात महत्त्वाचं: आकडा मिळाला की लगेच पुढे जाऊ नका. प्रोब तसेच धरून दुसऱ्या कोणाला वायर टोकापासून टोकापर्यंत हलवायला, दाबायला सांगा. कोपरे, दाराच्या चौकटी, फर्निचरचे पाय इथे जास्त वेळ.

फटाफट

हे चांगलंय. मीही माझं करून बघतो. (पंख्याचा मुद्दा मात्र सोडलेला नाही!)

खर्जप्रेमी

सापडलं!!

आधी पाचही आकडे घेतले. पुढचे दोन ६.१ आणि ६.२, मधला ५.८, मागचा उजवा ६.६, मागचा डावा ६.५. म्हटलं, सगळेच ठीक दिसतायत. मग सांगितल्याप्रमाणे मुलीला वायर दाबत जायला सांगितलं आणि मी मीटरकडे बघत बसलो. मागच्या डाव्याची वायर दाराच्या चौकटीवरून खिळ्याच्या क्लिपांनी नेलेली आहे. तिने वरच्या कोपऱ्यातली क्लिप अंगठ्याने दाबली आणि ६.५ चा आकडा एकदम ०.४ वर आला. सोडली की परत ६.५.

क्लिप उपटून बघितली तर खिळा क्लिपच्या भोकातून तिरका जाऊन थेट वायरीच्या दोन शिरांच्या मधोमध घुसलेला. एका बाजूचं आवरण पूर्ण फाटलेलं आणि तिथलं तांबं हिरवट पडलेलं. दुसऱ्या बाजूचं आवरण सोलल्यासारखं पातळ झालेलं, त्यातून दोन-तीन केस डोकावत होते. म्हणजे एक शीर खिळ्याला कायमची टेकलेली आणि दुसरी हादरा बसला की टेकत असणार. सबवूफर त्याच भिंतीला आहे.

मंद्रसप्तक

क्या बात है. दोन्ही टोकांना सगळं नीट दिसतंय आणि खोट मध्येच कुठेतरी चौकटीवर! बाकी असाच फसवा प्रकार स्पीकरच्या आतही होतो. तापून वाकडी झालेली व्हॉइस कॉइल स्थिर असताना मीटरवर ठीक दाखवते, कोन हलला की घासून शॉर्ट होते. वायर निर्दोष निघाली तर वूफरचा कोन दोन्ही बाजूंनी सारख्या हाताने अगदी हलका आत दाबून बघायचा, खरखर लागते का.

शून्य_ओहम

छान पकडलंत. आता तिथे टेप गुंडाळून चालू करू नका. हिरवट झालेला भाग दोन्ही बाजूंनी कापून टाका किंवा पूर्ण लांबीची नवी वायर ओढा, मधला जोड नसेल तर उत्तमच. खिळ्याच्या क्लिपऐवजी चिकटणारी पट्टी वापरा. टोकं नीट पिळून किंवा बनाना प्लग लावून बसवा आणि प्लस-मायनस दोन्हीकडे तेच राहील ते बघा.

नवी वायर स्पीकरला जोडण्याआधी दोन्ही टोकं मोकळी ठेवून एकदा मीटर लावा, काहीही दिसता कामा नये. मग रिसीव्हर आधी एकही स्पीकर न जोडता चालू करा. टक्‌ झाला आणि चालू राहिला की बंद करून, प्लग काढून, एकेक स्पीकर जोडत जा.

खर्जप्रेमी

सगळं तसंच केलं. नवी वायर, चिकटपट्टी, बनाना प्लग. तोच स्फोटांचा प्रसंग आधीपेक्षा मोठ्या आवाजात मुद्दाम परत परत लावला, हूं की चूं नाही. कन्सोलचं सेटिंगही बदललं. कन्सोल मुद्दाम चालू सोडून बातम्या लावल्या, तो आपल्या वेळेला झोपला, टीव्ही आणि रिसीव्हर जागेच.

फटाफट यांच्या मानासाठी कपाटाची मागची फळीही काढलीय.

फटाफट

🙏 आता पंखा.

मंद्रसप्तक

पंख्याआधी एक फुकटचा उपाय. मेनूत पुढचे स्पीकर 'लार्ज' असतील तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. खालचा खर्ज सबवूफरकडे जातो, त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर आहे. रिसीव्हरचं ओझं चांगलंच उतरतं. नावात 'स्मॉल' आहे म्हणून लोकांना ते कमीपणाचं वाटतं, तसं काही नाही.

जुनं_ते_सोनं

खर्जप्रेमी, अभिनंदन. शून्य_ओहम दादा, आता माझ्याकडे वळता का? बाहेरचं सगळं काढून झालंय, एचडीएमआयसुद्धा. तरी टक्‌च्या आधी बंद.

शून्य_ओहम

वळलो. तुमच्या बाबतीत मागच्या टर्मिनलवर मोजून उपयोग नाही, रिलेच लागत नाही म्हटल्यावर तिथे काही पोचतच नाही. मशीन उघडावं लागेल आणि ते काम माहितगारालाच द्या. पण देताना काय विचारायचं ते सांगतो.

माणूस अनुभवी असेल तर थेट वीज देणार नाही. आधी प्लग काढून, फिल्टर कॅपॅसिटर रेझिस्टरने रिकामे करून प्रत्येक चॅनलचे आउटपुट ट्रान्झिस्टर थंड अवस्थेत मोजेल. शॉर्ट तिथेच कळतो. मग वीज द्यायची वेळ आली की मध्ये सिरीज बल्ब (मशीनकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच जोडलेला बल्ब) घेईल. बल्ब तारेचाच हवा, ६० किंवा १०० वॅटचा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. एवढं मात्र लक्षात असू द्या, की बल्बमुळे व्होल्टेज पडतं आणि काही मशीन त्या कारणानेही प्रोटेक्शनला जातात. त्यामुळे बल्ब मंद आहे पण मशीन उठत नाही, एवढ्यावरून बोर्ड बाद ठरवू देऊ नका.

ट्रान्झिस्टर गेलेला निघाला तर विचारा, जोडीचा दुसरा, त्यांचा ड्रायव्हर (त्यांना चालवणारा ट्रान्झिस्टर) आणि एमिटरचे छोटे रेझिस्टर तपासले का. ते बहुधा ०.२२ ओहमच्या आसपास असतात. नुसता जळालेला तेवढा बदलून चालू केलं तर नवाही त्याच वाटेने जातो. आणि मशीन जुनं आहे, तर स्टँडबाय सप्लायमधले छोटे कॅपॅसिटर बदलूनच घ्या. ते सतत विजेवर असतात, आणि १० अंश जास्त तापमानात त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

न उघडता कोणी "बोर्ड बदला" म्हणालं तर मशीन उचलून परत घरी आणा.

जुनं_ते_सोनं

प्रिंट काढून सोबत नेतो. वाचनखूणही साठवलीय. काय निघतं ते इथेच लिहीन.